विश्लेषण : ‘क्वांटम-सुरक्षित’ राउटरवर जीएसटी किती?

पनवेलमध्ये २०२० पासून योट्टाचे मोठे डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणी बसणारा राउटर साधा असो वा भविष्यातील क्वांटम संगणकालाही न फुटणारा, जीएसटी १८ टक्केच. दर ठरतो एचएसएन संकेतांकावरून. डेटा पाठवणारी यंत्रे ८५१७ या शीर्षाखाली येतात. ते यंत्राचे काम पाहते, कुलूप किती पक्के हे नाही.

सवलत द्यायची तर व्याख्या हवी, आणि गोची तिथेच आहे. क्यूकेडी यंत्र प्रकाशकणांतून गुप्त किल्ली पाठवते. ते वेगळे हार्डवेअर. पण अमेरिकेच्या ‘निस्ट’ने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेली पोस्ट-क्वांटम मानके अनेकदा नुसत्या अपडेटने जुन्याच राउटरवर चढतात. मग सवलत डब्याला की अपडेटला?

व्हॅटच्या काळात असाच वाद चार्जरवरून झाला. मोबाइलच्याच खोक्यात असूनही तो वेगळी वस्तू, म्हणून कर जास्त, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नोकियाच्या पंजाबमधील खटल्यात ठरवले.

डेटा सेंटर भरलेला जीएसटी इनपुट क्रेडिटमधून वळता करून घेते. रुग्णालयाची सेवा बहुतांशी करमुक्त, त्यामुळे त्याला ही सोय जवळपास नाहीच. रुग्णांच्या नोंदी जपणाऱ्या यंत्रावरचे १८ टक्के त्याच्याच खिशातून जातात.