फॉरमॅट मारण्याआधी आलेख काढा

जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याकडचा मुलगा लॅपटॉप पाठीवर टाकून रामनगरच्या दुकानात येतो, तोवर त्याचा निम्मा दिवस बसच्या वेळांत गेलेला असतो. तक्रार एका वाक्याची असते: ‘गेम मधेच अडकतो.’ दुकानातला उपायही बहुतेक वेळा एका वाक्यात उरकतो: फॉरमॅट मारू, नाहीतर रॅम वाढवू. तक्रार आणि उपाय यांच्यामध्ये तपास व्हायला हवा, तो राहून जातो. आपल्या धंद्यातल्या या सवयीबद्दल आज स्पष्ट लिहायचं आहे.

फॉरमॅटची किंमत शहरात जाणवत नाही, जोयड्यात जाणवते. जीटीए फाइव्हसारखा गेम शंभर जीबीच्या आसपास जागा घेतो. १० एमबीपीएसची लाइन एकदाही न तुटता चालली तरी तेवढं उतरवायला २२ तास लागतात, आणि पावसाळ्यात या भागात लाइन न तुटता चालत नाही. गेम डी ड्राइव्हवर असेल तर वाचतो. पण हल्ली बरेच लॅपटॉप एकाच पार्टिशनचे येतात, त्यात गेम, सेव्ह केलेला खेळ आणि कॉलेजच्या फायली एकदमच जातात. त्यात भर म्हणजे फॉरमॅटने झटके वाढण्याचीच शक्यता असते. नव्या गेममधले शेडर प्रत्येक मशीनवर त्या ग्राफिक्स कार्डासाठी आणि त्या ड्रायव्हरसाठी नव्याने तयार होतात आणि डिस्कवर साठवले जातात. आपण फॉरमॅट मारतो किंवा सगळे कॅश साफ करतो, तेव्हा तो साठाही पुसला जातो. गिऱ्हाईक घरी जाऊन गेम लावतं, पहिल्या तासाभरात पूर्वीपेक्षा जास्त झटके बसतात, आणि आठवड्याने ते पुन्हा आपल्या काउंटरवर येतं.

मुळात आपण मोजतो ते चुकीचं मोजतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात ६० एफपीएस दिसलं की मशीन ठीक आहे असं सांगून मोकळे होतो. हिशेब करून बघा. एका सेकंदातल्या ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एका फ्रेमला ११५ मिलिसेकंद लागले, तर बेरीज बरोबर १००० होते. सरासरी ६० एफपीएसच दिसते, पण खेळणाऱ्याला त्या एका फ्रेमपाशी लख्ख झटका बसतो. ‘द टेक रिपोर्ट’मध्ये स्कॉट वॉसन यांनी २०११ साली हाच मुद्दा मांडला आणि फ्रेमगणिक वेळ मोजून दाखवला. त्यानंतर गेमची चाचणी घेण्याची जगभरची पद्धत बदलली. आपल्या बाकावर मात्र ती अजून पोचलेली नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यासाठी फारसा खर्च येत नाही. इंटेलचं प्रेझेंटमॉन फुकट आहे, कॅपफ्रेमएक्स फुकट आहे, तापमान आणि क्लॉक नोंदवणारं एचडब्ल्यूइन्फोही वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे. ही सगळी एका पेनड्राइव्हवर मावतात.

नोंद करताना गिऱ्हाइकालाच खेळायला बसवा. झटका कुठे बसतो हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. वीस मिनिटं खेळू द्या, मग आलेख उघडा. सुरुवातीची दहा मिनिटं रेषा सपाट असेल आणि नंतर ती करवतीच्या दातांसारखी वरखाली व्हायला लागली असेल, तर शेजारी तापमानाची नोंद ठेवा. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर जाऊन क्लॉक खाली पडत असेल तर सॉफ्टवेअरकडे बघायची गरज नाही, मागचं झाकण उघडा.

जोयड्यातल्या लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर जे दिसतं ते बेळगावातल्या लॅपटॉपमध्ये क्वचित दिसतं. उन्हाळ्यात रस्त्याची लाल धूळ पंख्यातून आत जाते. मग पाऊस लागतो. कॅसलरॉकचा पट्टा म्हणजे कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक, तिथे महिनोन्‌महिने हवेतला ओलावा हटत नाही. घरात चूल असेल तर धुराचा चिकटपणाही त्यात मिसळतो. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये या सगळ्याचा तपकिरी थर जमतो. ब्लोअर बाहेरून मारला तर धूळ उडते, हा थर जागचा हलत नाही. पंखा सोडवून हा थर चिमट्याने धरला तर अखंड निघतो. पेस्ट बदलायच्या आधी हे करा. नुसती पेस्ट बदलून दिलेला लॅपटॉप महिनाभरात परत येतो.

विजेचं दुखणं वेगळं आहे. काळी नदीवरचं सुपा धरण याच तालुक्यात गणेशगुडीला आहे, पण वाड्यांना जाणाऱ्या तारा जंगलातून जातात, आणि फांदी पडली की पुरवठा जातो. लॅपटॉपच्या बाबतीत नीट लक्ष द्यायचं ते क्षणभर जाऊन येणाऱ्या विजेकडे. दिवा फक्त मिचकतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. तेवढ्यात लॅपटॉप अडॅप्टरवरून बॅटरीवर आणि पुन्हा अडॅप्टरवर येतो. बॅटरीवर ग्राफिक्स चिपची वीज आखडली जाते, काही मॉडेलमध्ये फ्रेम तीसवर बांधल्या जातात, काहींत स्क्रीनचा रिफ्रेश रेटही उतरतो. खेळणाऱ्याला ते ‘अडकणं’ वाटतं. हे दुकानात कधीच दिसणार नाही, कारण दुकानात आपल्याकडे स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर असतो. एचडब्ल्यूइन्फोचा लॉग गिऱ्हाइकाला घरी संध्याकाळी चालू ठेवायला सांगा. बॅटरीचा चार्ज रेट ज्या सेकंदाला उलटा फिरतो त्याच सेकंदाला फ्रेमचा काटा उसळला असेल, तर रोग सापडला.

डेस्कटॉपवर मात्र व्होल्टेजला उगाच दोष देऊ नका. व्होल्टेज फार पडलं तर एसएमपीएस मशीन बंद पाडतो किंवा रीस्टार्ट करतो. तो बारीक झटके देत बसत नाही.

अडॅप्टरची आणखी एक गोष्ट, जी दरवेळी तपासायला हवी. काही कंपन्यांचे लॅपटॉप पिनमधल्या वेगळ्या तारेवरून आपला अडॅप्टर ओळखतात. ती तार तुटली, किंवा बाजारातला डुप्लिकेट अडॅप्टर लावला, की चार्जिंग बंद पडतं किंवा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास जखडून बसतो. अशा मशीनवर नवी रॅम, नवी एसएसडी, काहीही टाका, गेम सरकणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघायला दहा सेकंद पुरतात.

रॅमबद्दलही थोडं. आठ जीबीची एकच काडी असलेला आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप आला तर दुसरी काडी टाकायला सांगणं योग्यच आहे. अंगच्या ग्राफिक्सला त्याच रॅममधून काम करावं लागतं, आणि ड्युअल चॅनल झाल्यावर फरक डोळ्यांना दिसतो. पण चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डाची स्मृती भरून झटके बसत असतील तर टेक्श्चर एक पायरी खाली आणणं हा उपाय आहे, आणि तो फुकट आहे. तो सांगायला जीभ अडखळू देऊ नका.

झटका शेडरचा की डिस्कचा, हे ओळखायला सोपी चाचणी आहे. गेममधला तोच रस्ता दोनदा चालवा. पहिल्यांदा झटका बसला, दुसऱ्यांदा नाही, तर शेडर तयार होत होते; मशीनला हात लावू नका, दोन दिवस खेळू द्या. दोन्ही वेळा त्याच वळणावर बसला, तर पुढचा भाग डिस्कवरून उचलण्यात किंवा गेमच्या स्वतःच्या रचनेत खोट आहे. हार्ड डिस्कवरून गेम एसएसडीवर नेऊन बघा. तरीही थांबला नाही, तर दोष गेम बनवणाऱ्यांचा आहे आणि आपण तो गिऱ्हाइकाला तसाच सांगायला हवा. २०२२ साली ‘एल्डन रिंग’ पीसीवर आला तेव्हा महागड्या मशीनवरही तो अडखळत होता.

त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण प्रत्येक दुरुस्तीवाल्याने ध्यानात ठेवावं. रायझन प्रोसेसरच्या काही मशीन अधूनमधून गपकन थांबत. मार्च २०२२ मध्ये एएमडीनेच जाहीर केलं की प्रोसेसरमधला एफटीपीएम मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी व्यवहार करताना मशीन क्षणभर खोळंबते. उपाय होता बायोस अपडेट. तो माहीत नसता तर माणूस रॅम, कार्ड, एसएमपीएस असं एकेक बदलत बसला असता आणि एकानेही गुण आला नसता. आजही जुन्या बायोसची अशी मशीन येते. अपडेटआधी बिटलॉकर चालू असेल तर तो थांबवा, आणि यूपीएसशिवाय बायोसला हात लावू नका. अपडेटच्या मध्यात वीज गेली तर बोर्डच जायचा.

आणि आलेख अगदी सपाट असूनही पोरगा म्हणत असेल की माझा माणूस पळता पळता मागे जातो, तर ते नेटवर्क आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या गावांत मोबाइलचा सिग्नल कसा येतो-जातो हे आपण जाणतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक टू तिथे अडकणारच. अशा वेळी काहीही विकू नका.

मग खायचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. सुटा भाग विकला तरच पैसे मिळतात, या व्यवस्थेनेच आपल्याला भाग बदलायला शिकवलं आहे. तपासणीचे वेगळे पैसे घ्या, ते आधी सांगा, आणि बदल्यात आलेखाची प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्या. कुंभारवाड्याहून आलेल्या मुलाला ‘तुझ्या मशीनमध्ये काही बिघाड नाही’ हे पुराव्यासह कळणं म्हणजे त्याचे रॅमचे पैसे वाचणं. त्यासाठी तो तपासणीचे पैसे आनंदाने देईल, आणि पुढच्या वेळी मित्रालाही तुमच्याकडेच पाठवेल.

पुढच्या अंकापासून एक पान आपण खास या आलेखांसाठी ठेवत आहोत. खानापूर, जोयडा, हल्याळ, दांडेली, कारवार, कुठूनही पाठवा. सोबत गेमचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, खोलीत उकाडा होता की गारवा, आणि लॅपटॉप अडॅप्टरवर होता, बॅटरीवर की इन्व्हर्टरवर, एवढं लिहा. ज्याचं कारण सापडलं नाही तो आलेख आधी पाठवा. गिऱ्हाइकाचं नाव नको.