यंत्र मोडीत काढण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी वरून कपडे टाकण्याचे, दोन टाक्यांचे धुलाई यंत्र असेल. एका टाकीत कपडे धुतले जातात, दुसरीत ते पिळले जातात. दहा-बारा वर्षे इमानाने काम केल्यावर असे यंत्र एके दिवशी बंद पडते आणि घरात लगेच ठराव होतो, "जुने झाले, आता नवेच घ्या." माझे म्हणणे इतकेच, की हा ठराव करण्यापूर्वी यंत्राला नेमके काय झाले आहे हे कळले पाहिजे. ते कळण्यासाठी लागणारे बरेचसे पदार्थविज्ञान तुम्ही शाळेतच शिकता.

आमच्या घरचेच उदाहरण घ्या. १४ वर्षे वापरलेल्या यंत्राची धुलाईची टाकी थांबली. बटण फिरवले की मोटर नुसती गुणगुणत असे. टाकीच्या तळाची चकती मात्र जागची हलत नसे. पाहायला आलेल्या कारागिराने मोटर गेल्याचे सांगितले. या जुन्या नमुन्याची मोटर आता मिळत नाही, असेही तो म्हणाला. म्हणजे यंत्र भंगारात!

आता आपण क्रमाने विचार करू. मोटर गुणगुणते याचा अर्थ तिच्यापर्यंत वीज पोहोचते आहे. तेव्हा वायर, बटण आणि वेळ मोजणारा टायमर यांवरचा संशय बराच कमी झाला. प्लग काढून हाताने चकती फिरवली, तर ती सहज फिरली. म्हणजे काही अडकलेले नाही. मग वीज आहे, अडथळा नाही, तरीही मोटर फिरत का नाही?

याचे उत्तर मोटरच्या रचनेत आहे. घरात येणारी वीज एककला असते. एकाच वेटोळ्यातून असा प्रत्यावर्ती प्रवाह गेला, तर चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० आवर्तने करीत मागेपुढे होते, पण गोल फिरत नाही. थांबलेल्या मोटरला असे क्षेत्र कोणत्याच दिशेने ढकलू शकत नाही. ती नुसती थरथरते. क्षेत्र फिरते करायचे तर दुसरे वेटोळे हवे आणि त्यातील प्रवाह पहिल्याच्या मागेपुढे हवा. गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ साली आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे निकोला टेस्ला यांनी शोधून काढलेले फिरते चुंबकीय क्षेत्र ते हेच. आपल्या यंत्रात प्रवाहांमधील हे अंतर पाडण्याचे काम एक छोटे धारित्र करते. बाजारात त्याला कपॅसिटर म्हणतात. टायमर हे धारित्र आळीपाळीने दोन्ही वेटोळ्यांशी जोडतो, म्हणून चकती एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरते.

या धारित्रात प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा लेप असतो. पापुद्र्याला कोठे सूक्ष्म छिद्र पडले की त्याभोवतीचा लेप जळून जातो आणि धारित्र तगते. पण प्रत्येक वेळी त्याची धारिता किंचित घटते. आमच्या धारित्रावर १० मायक्रोफॅरड असे छापलेले होते. मापकावर ३ भरले. तेवढ्याच धारितेचे आणि तितकाच विद्युत्‌दाब सोसणारे नवे धारित्र दीडशे रुपयांना मिळाले. ते बसवले आणि "गेलेली" मोटर फिरू लागली.

येथे एक ताकीद दिलीच पाहिजे. प्लग काढल्यावरही धारित्रात विद्युत्‌भार साठून राहिलेला असू शकतो. म्हणून मागचे झाकण जाणत्या माणसानेच उघडावे. तुम्ही शेजारी बसून पाहावे, तर्क करावा आणि प्रश्न विचारावेत.

कोणी म्हणेल, नवे यंत्र वीज तरी वाचवील. हिशोब करून पाहू. ३६० वॅटची मोटर १५ मिनिटे चालली, तर ०.०९ युनिट वीज लागते. वर्षात ३०० वेळा कपडे धुतले, तर २७ युनिट झाली. नव्या यंत्राने यातील निम्मी वाचवली असे धरले, तरी वर्षाकाठी बचत १४ युनिटांच्या आतच! रात्रंदिवस चालणाऱ्या जुन्या फ्रिजचा हिशोब कदाचित वेगळा येईल. म्हणूनच प्रत्येक वस्तूचा हिशोब स्वतंत्रपणे करावा. टाकीच तडकली असेल किंवा दुरुस्तीनंतरही सांगाड्याला विजेचा झटका बसत असेल, तर यंत्राचा मोह सोडावा हेच शहाणपणाचे. जुने ते सारे टिकवावे, असा माझा आग्रह नाही.

माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. पहिली, सुटे भाग मिळत राहिले पाहिजेत. धारित्र कोणत्याही दुकानात मिळते, पण चकती, टायमर, पाणी अडवणारे रबरी सील हे भाग त्या त्या नमुन्याचेच लागतात. ते मिळाले नाहीत तर निदान अचूक असूनही उपयोग शून्य. युरोपीय संघाने २०२१ पासून धुलाई यंत्रांचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. परंतु माहिती मिळणे वेगळे आणि भाग हाती पडणे वेगळे. ग्राहकाने खरेदीच्या वेळीच विचारावे, "याचे भाग किती वर्षे मिळतील?"

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. प्रयोगशाळेत एक मोडके धुलाई यंत्र आणून ठेवा. त्याला वीज जोडूच नका. पट्टा, कप्पी, ब्रेक, मोटर हे सारे भाग मुलांना उघडून पाहू द्या. निरीक्षण करावे, शक्यता मांडाव्यात, त्या एकेक करून तपासाव्यात आणि उरलेल्या कारणाची मोजमापाने खात्री करावी, ही विज्ञानाची रीत आपण फळ्यावर लिहून देतो. बंद पडलेले यंत्र ती रीत हाताला शिकवते.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी घरात "हे गेले" असे कोणी म्हणाले, तर एवढेच विचारा, "यातले नेमके काय गेले?"