शेतकरी कंपन्या: नोंदणीला पैसा, खरेदीला नाही

आमच्या गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीची सभासद नोंदवही माझ्या अक्षरात आहे. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, अक्षर बरं आहे, म्हणून गावाने ते काम माझ्याकडे दिलं. तीनशे नावं लिहिली, प्रत्येकाकडून हजार रुपये घेतले, पावत्या फाडल्या. आज ती कंपनी सरकारी यादीत आहे, मोंढ्यात मात्र तिला कुणी ओळखत नाही. नमाजाला जाता-येता लोक अडवतात, "सर, आमच्या हजाराचं काय झालं?" उत्तर देणं मला भाग आहे.

केंद्र सरकारने 29 फेब्रुवारी 2020 ला चित्रकूटमध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली. तरतूद 6,865 कोटींची. फेब्रुवारी 2025 मध्ये बिहारच्या खगडियात दहा हजारावी संघटना नोंदली गेली आणि लक्ष्य पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. काय पूर्ण झालं? नोंदणी! शाळेत पटावर शंभर मुलं आहेत म्हणून शंभर मुलांना वाचता येतं, असं मी अधिकाऱ्यांना सांगितलं तर ते मला नोटीस देतील. इथे मात्र पट म्हणजेच निकाल.

योजनेचा पैसा कुठे जातो ते पाहा. संघटना बांधून देणाऱ्या सल्लागार संस्थेला एका संघटनेमागे पाच वर्षांत 25 लाखांपर्यंत. कार्यालय, व्यवस्थापक, हिशेबनीस यांच्यासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत. आणि माल विकत घ्यायला? सभासदाने जेवढं भागभांडवल घातलं तेवढंच सरकार घालतं, माणशी कमाल 2,000 आणि एका संघटनेला कमाल 15 लाख. आमच्या तीनशे लोकांचे तीन लाख, सरकारचे तीन लाख, झाले सहा लाख.

आता हे सहा लाख घेऊन सोयाबीनच्या हंगामात उभे राहा. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. सहा लाखांत साधारण 122 क्विंटल येतं, म्हणजे एक मोठा ट्रकसुद्धा भरत नाही. एकरी सात क्विंटल धरलं तर दोन एकरवाल्याचं चौदा क्विंटल. आठ शेतकऱ्यांचा माल घेतला आणि नववा काट्यावर आला की तिजोरी रिकामी. बाजारभाव कमी धरला तर आणखी एखाद-दोघे. उरलेले दोनशे नव्वद लोक कुठे जाणार? आडत्याकडेच ना? आमच्याकडे अगदी तसंच झालं. पहिल्याच हंगामात दसऱ्याच्या सुमाराला मळणीयंत्रं फिरत होती, रब्बीचं बी-खत घ्यायचं होतं, आणि आमचे व्यवस्थापक साहेब सांगत होते, "माल ठेवून जा, पुढे विकला की पैसे देऊ." दुसऱ्या हंगामात एकही गाडी कंपनीच्या दारात आली नाही.

कर्जहमी आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, दोन कोटींच्या कर्जापर्यंत, तारणाशिवाय. पण हमी म्हणजे पैसा नव्हे. कर्ज बँकेनेच द्यायचं असतं, आणि बँक मागते मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद. खरेदी नाही म्हणून उलाढाल नाही, उलाढाल नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून खरेदी नाही.

माझे मामू बागवान आहेत. उभं आयुष्य आंब्याच्या, मोसंबीच्या बागा बहारातच खरेदी करण्यात गेलं. कंपनीच्या उद्घाटनाला ते मागच्या खुर्चीवर बसले होते. व्यासपीठावरून 'दलालमुक्त शेतकरी'ची घोषणा झाली तेव्हा चार माना मागे वळून त्यांच्याकडे वळल्या. घरी आल्यावर ते इतकंच म्हणाले, "बेटा, माल आया तो पैसा होना, कागज नक्को." मी आडत्यांचा वकील नाही. काट्यात मारणारे, ओलाव्याच्या नावाखाली कापणारे, उचल देऊन माल बांधून घेणारे मला ठाऊक आहेत, माझ्याच नात्यातले आहेत. पण लेकीच्या लग्नाला रात्री दहा वाजता पन्नास हजार कोण देतो? ते काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतल्याशिवाय आडत्या हटत नाही. शिव्या देऊन तर मुळीच नाही.

अमूलचं नाव प्रत्येक भाषणात येतं. खेड्याचा तो संघ 1946 चा. तिथे दूध घातलेल्या बाईला पुढच्या वेळेला पैसे हातात मिळत, ही गोष्ट भाषणात कुणी सांगत नाही. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्रीचंही तसंच. त्यांना 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी उभे करावे लागले. तिथल्या द्राक्षबागायतदारांच्या कष्टाला सलाम, पण सहा लाखांत सह्याद्री उभी राहत नाही.

दुसरं दुखणं सातबाऱ्याचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई नवरा गेल्यापासून तीन एकर बटईने करते. ती हजार रुपये पदरात बांधून आली होती. संस्थेच्या माणसाने सातबारा मागितला. जमीन तिच्या नावावर नाही, सासऱ्याच्या नावावरही नाही. मी तिला परत पाठवलं, आणि ते मला अजून खुपतं, कारण नंतर मी कायदा वाचला. 2002 साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली. तिच्यात 'उत्पादक' म्हणजे शेतमालाशी संबंधित काम करणारा कोणीही. सातबाऱ्याचा तिथे पत्ता नाही. ती अट कारकुनी सोयीची. बटईदार, बायका, भूमिहीन त्या सोयीपायी बाहेर राहिले. त्या व्याख्येत, बघा, मामूही बसतात. माल पारखायला, मुंबई-हैदराबादचा भाव काढायला कंपनीने दरमहा पगारावर एखादा बागवान ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे. गोदामात माल ठेवा, किमतीच्या 75 टक्के रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्या. ती बाजार समित्यांमार्फत चालते. तोच पैसा सप्टेंबरमध्येच शेतकरी कंपनीच्या खात्यात का ठेवता येऊ नये? सल्लागार संस्थेचे हप्ते नोंदणीच्या दाखल्यावर सोडण्याऐवजी शेतकऱ्याच्या हातातली हिशेबपट्टी पाहून का सोडू नयेत? शेतकऱ्याला भाव मिळाला तर संस्थेला पैसे, नाही तर नाही. मास्तरांच्या पगारवाढीला निकाल लावा म्हणणारे याला तयार होतील?

आमच्या कंपनीचा तीन वर्षांचा पगार-खर्च संपला, व्यवस्थापक दुसऱ्या तालुक्यात नवी कंपनी काढायला गेले. कंपनी बंद करायलाही पैसे लागतात. वार्षिक विवरणपत्र वेळेत भरलं नाही तर एका फॉर्मला दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क, आणि सलग तीन वर्षं चुकलं तर संचालक अपात्र. संचालकांत माझा चुलतभाऊ आहे, अडीच एकरवाला. परवा त्याला इंग्रजीत ईमेल आला. वाचून दाखवायला तो माझ्याकडे आला होता.