द्राक्षाची जात आणि गिऱ्हाइकाची जीभ

पवई म्हटलें म्हणजे आज तलाव व १९५८ सालीं स्थापन झालेली तंत्रविद्येची संस्था आठवते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथेंच फ्रामजी कावसजी बानाजी या व्यापाऱ्यानें ऊस, नीळ, तुती यांच्या लागवडीचे प्रयोग केले होते. पीक सुधारणें हें एकट्या शेतकऱ्याचें काम नव्हे, हा धडा पवईचाच होय. द्राक्षांची पेटी घेतांना ‘औषधें फार मारतात’ अशी कुरकुर करणाऱ्या तेथील गृहस्थांस त्याचें स्मरण देणें आम्हांस अवश्य वाटतें.

नाशिक, सांगली, सोलापूर येथील बागाईतदार केवडा, भुरी व करपा या बुरशीच्या रोगांनीं गांजला आहे. गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला, कीं केवडा पानांवरून घडांवर उतरतो. मग फवारणीवर फवारणी आणि कर्जावर कर्ज! याचें मूळ जातींत आहे. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निघालेल्या तास-ए-गणेश व सोनाका या जाती युरोप-पश्चिम आशियाच्या कुळांतील. केवड्याची बुरशी मात्र मूळची अमेरिकेची. तेथील रानवेलींनीं तिच्याशीं युगानुयुगें झुंजून प्रतिकार कमाविला. युरोपी वेलीस तो प्रसंगच आला नव्हता. म्हणून १८७८ सालीं हा रोग फ्रान्समध्यें दिसतांच मळे उजाड होऊं लागले, व १८८५ सालीं मिलार्दे यांनीं मोरचूद-चुन्याचें बोर्डो मिश्रण पुढें आणलें. आम्ही अद्याप त्याच वाटेनें चाललों आहों.

दुसरी वाट आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें अमेरिकी कुळांतील कॅटॉबा व युरोपी कुळांतील ब्यूटी सीडलेस यांच्या संकरानें ‘एआरआय-५१६’ ही जात सिद्ध केली. ती बुरशीच्या रोगांस सहसा दाद देत नाहीं व ११० ते १२० दिवसांत पिकते. परंतु तिची मुख्य वाखाणणी रस, जॅम व तांबड्या वाइनसाठीं. खाण्याच्या बाजारांत लांबट, हिरव्या, बिनबियांच्या मण्यासच भाव. दुबळी जात बाजारानें मागावी आणि फवारणीचा दोष शेतकऱ्यास द्यावा, हा कोठला न्याय?

रोगप्रतिकारक जात आली म्हणजे फवारणी अजीबात सुटेल, असें आम्ही म्हणत नाहीं. बुरशीही आपलें रूप पालटते. परंतु चार फवारण्या वांचल्या तरी शेतकऱ्याचा पैसा व प्रकृति, आणि खाणाराचें आरोग्य, तिन्ही वांचतात. परकी जात स्वामित्वशुल्क भरून आणण्यापेक्षां ती येथेंच निपजावी, हें उत्तम. यासाठीं सरकारनें संशोधनास सातत्यानें द्रव्य द्यावें, व्यापाऱ्यांनीं नव्या जातीस निदान कांहीं हंगाम वाजवी भाव द्यावा, आणि गिऱ्हाइकांनीं जिभेस थोडी नवी संवय लावावी. मागणी बदलल्यावांचून बाग बदलणार नाहीं.