बोगद्यापलीकडची बोली

मंडळी, स्वित्झर्लंड आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढाही नाही. पण तिथे राष्ट्रीय भाषा चार! गॉटहार्डच्या १८८२ सालच्या जुन्या बोगद्यातून जाणारी आगगाडी धरा. गोशेनेनला जर्मन ऐकत आत शिरायचे, पंधरा किलोमीटर अंधार, आणि ऐरोलोला बाहेर पडावे तो पाट्या इटालियन! २०१६ च्या नव्या बोगद्याने वेळ वाचतो, ही गंमत मात्र हुकते.

गुरांची रीत दोन्हीकडे एकच. उन्हाळ्यात उंच कुरणांवर, सप्टेंबरात घंटा वाजवत खाली. दूध डोंगरावरून उतरवणे अवघड, म्हणून चीज वरच करतात.

ग्राउब्युंडेनच्या खोऱ्यांत रोमान्श बोलतात. बोलणारे लाखभरही नाहीत. पोरे कामाला शहरात गेली की घरची बोली मागे पडते, हे दुखणे तिथेही आहेच. तरी १९३८ साली देशाने मतदान करून तिला राष्ट्रीय भाषेचा मान दिला. तिकडे गेलात तर ‘बुन दी’ म्हणा. दिवसाचा रामरामच तो.