कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या

पोरगा हार्डवेअरचा कोर्स करून येतो आणि पिशोरसारख्या गावात घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर उघडून बसतो. दुरुस्तीसाठी कन्नडला जाणे लोकांचे वाचते, घरात चार पैसे येतात. आई-वडिलांना त्या डब्यातले काही कळत नसले तरी एक गोष्ट मात्र त्यांनी जरूर विचारावी : बाळा, अर्थिंग आहे का?

कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघर ऐकू येते. पॉवर सप्लायमध्ये पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून किंचित करंट पत्र्यावर येतो व अर्थिंगच्या वायरने जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर तो पत्र्यावरच थांबतो आणि टेस्टर पेटतो. कधी आतली वायरही पत्र्याला चिकटलेली असते. मग झिणझिण्यांवर भागत नाही. पायात स्लीपर घालणे हा त्यावर इलाज नव्हे.

प्लगची तिसरी जाड पिन काढून टाकणे हा तर निव्वळ वेडेपणा. काही जण बोर्डातच अर्थिंग न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. उद्या न्यूट्रल तुटली की सगळा पत्रा २३० व्होल्टचा होईल! नळाच्या पाइपलाही अर्थिंग जोडू नये. पाइप प्लास्टिकचा असेल तर उपयोग शून्य, लोखंडी असेल तर शेजारीण पाणी भरताना शॉक खाईल. पत्र्याच्या घरात तर भिंतसुद्धा वीज वाहते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून वेगळे अर्थिंग करून घ्यावे आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवावा.

डबा उघडण्याआधी बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढावा. कित्येक बोर्डांत बटण चुकून न्यूट्रलवर असते. यूपीएस असेल तर भिंतीतला प्लग काढूनही तो वीज देतच राहतो, म्हणून कॉम्प्युटरची वायर यूपीएसमधूनही काढावी. पॉवर सप्लायचा डबा नवशिक्याने उघडूच नये. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकते. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये तर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात.

आता उलटी बाजू. हिवाळ्यात स्वेटर काढताना तडतड आवाज येतो ना? ती स्थिर वीज. हवा कोरडी आणि अंगात नायलॉन किंवा पॉलिस्टर असले की ती जास्त साठते. सुमारे तीन हजार व्होल्ट झाल्यावर आपल्याला ठिणगी जाणवते, पण कित्येक चिप शेकड्यातच खराब होतात. म्हणजे काही न जाणवता गिऱ्हाइकाची रॅम जाते, आणि कधी लगेच न जाता महिन्याने बंद पडते. भरपाई मात्र पोराच्या मजुरीतून.

यावर खर्च फार नाही. सुती कपडे घालावेत. पार्टला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे हात व पत्रा एका पातळीवर येतात. पार्ट कडेने धरावा आणि लावेपर्यंत त्याच्या पिशवीतच ठेवावा.

मनगटाचा पट्टा बांधत असाल तर विकतचाच घ्यावा. त्यात दहा लाख ओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तर त्या वाटेने जाणारा करंट त्याने अगदी नाममात्र राहतो. घरी उघडी तार मनगटाला गुंडाळणारे स्वतःच अर्थिंग बनतात. चालू वीज असलेल्या यंत्रावर काम करताना पट्टाही बांधू नये.

अर्थिंगचा खड्डाही विसरून चालत नाही. आपली काळी जमीन ओली असते तोवर वीज छान घेते, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की प्लेटची माती सुटते. तेव्हा आठवड्याला एक-दोन हंडे पाणी त्यात ओतावे. भांडी धुतलेले असले तरी चालेल.