विश्लेषण : जिमवरचा जीएसटी घटला, पण ऊर्जानगरात छोटी जिम चालेल का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगवर्गांच्या सेवेवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे जिम काढायला हीच वेळ चांगली, असे कुणालाही वाटू शकते. पण चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रालगतच्या ऊर्जानगरात या व्यवसायाचे गणित करापेक्षा जागा, वेळ आणि गिऱ्हाईक यांवर अवलंबून आहे.

करकपातीचा फायदा कुणाला?

मोठ्या जिमच्या ग्राहकाला. १००० रुपयांच्या फीवर पूर्वी ११८० रुपये मोजावे लागत, आता १०५०. मात्र सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणीच लागत नाही. महिना ८०० रुपये फी धरली, तर ही मर्यादा गाठायला वर्षभर २०९ सभासद हवेत. म्हणजे छोट्या जिमच्या फीत आधीही जीएसटी नव्हता आणि आताही नाही. उलट व्यायामाच्या यंत्रांवर १८ टक्के कर कायम आहे. ५ टक्क्यांच्या दरात त्याची वजावट मिळत नाही, नोंदणी नसलेल्यालाही ती मिळत नाही.

ऊर्जानगरात मागणी कशाची?

वीज केंद्राचा परिसर जंगलाला लागून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. पाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका किशोरवयीन मुलाचा जीव घेतला. अशा भागात पहाटे अंधारात फिरायला जाणे हा जिवाचा प्रश्न ठरतो. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो. त्यामुळे उजेडाची, बंदिस्त आणि हवेशीर जागा हीच इथली पहिली गरज आहे.

दुसरा वर्ग पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचा. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे असते. शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. या मुलांना ट्रेडमिलपेक्षा मोजलेले मैदान, स्टॉपवॉच आणि जाणकार प्रशिक्षक जास्त उपयोगाचा. तिसरा वर्ग पाळीत काम करणाऱ्यांचा. सकाळ-संध्याकाळ एवढ्याच वेळा ठेवल्या, तर पाळी बदलताच हे सभासद गळतात.

महिन्याचा हिशेब कसा मांडायचा?

उदाहरणादाखल भाडे १५ हजार, प्रशिक्षक १५ हजार, वीज ५ हजार, साफसफाई-दुरुस्ती ५ हजार आणि ५ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ११ हजार धरला, तर खर्च ५१ हजार होतो. फी ७०० असेल तर ७३ सभासदांनंतरच मालकाच्या हाती पैसा पडतो. जानेवारीत नाव घालणारे मार्चपर्यंत टिकतीलच असे नाही. म्हणून जागेचा करार करण्याआधी आसपासच्या जिममध्ये सकाळी, दुपारी, संध्याकाळी किती जण येतात, हे आठवडाभर मोजावे.

पैसा आणि परवाने?

मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. जिमचा प्रस्ताव बसतो का, हे जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारावे. उद्यम नोंदणी मोफत होते. २० पेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना पुरते. प्रोटीन पावडर विकायची तर अन्न परवाना वेगळा लागतो. वसाहतीतले क्वार्टर कंपनीचे असते. तिथे लेखी परवानगीशिवाय वर्ग सुरू करणे धोक्याचे.

मग सुरुवात कुठून?

यंत्रांपासून नव्हे. भाड्याचा हॉल, चटया, डंबेल्स आणि एक चांगला प्रशिक्षक एवढ्यावर तीन महिने वर्ग चालवून पाहता येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याची फी किती जण भरतात, यावरून कर्ज घ्यायचे की नाही हे ठरवावे. सभासद टिकले नाहीत तर हॉल सोडून देता येतो. कर्ज काढून घेतलेल्या यंत्रांचा हप्ता मात्र जिम बंद पडली तरी चुकत नाही.